साहेबांच्या अर्जातलं माझं नाव

डॉक्टर वामनराव गेल्याची बातमी दवाखान्याच्या शिपायानं आणली, तेव्हा मी औषधाच्या बाटल्या पुसत होतो. बारा वर्षं ज्यांच्या हाताखाली कंपाउंडर म्हणून राबलो तो माणूस गेला, तर डोळ्यांत पाणी यायला हवं. ते आलं, पण नंतर. आधी मनात आलं ते एका कागदाचं. साहेबांच्या टेबलाच्या खणात असेल तो कागद. आता तो कुणाच्या तरी हाती लागणार आणि माझं नाव निघणार... लाज वाटते लिहायला, पण तसंच झालं. माझा स्वभावच संशयी. वाण्यानं चार दाणे जास्त घातले तरी मी आधी त्याची तागडी बघतो.

गोष्ट जुनी. आपले महाराज गादीवर येऊन तेव्हा दहा-बारा वर्षं झाली असतील. गंगावेशीजवळच्या आमच्या लहानशा धर्मार्थ दवाखान्यात साहेब शस्त्रक्रिया करायचे आणि रोग्याच्या उशाशी बसून क्लोरोफॉर्म द्यायचो मी. त्या काळी ते काम कंपाउंडरचंच समजत. नाकावर रुमालाची घडी धरायची, वरून थेंब सोडायचे, रोगी निपचित पडला की साहेबांकडे बघून मान हलवायची. मला कुणी शिकवलं नव्हतं. माझ्या आधीचा कंपाउंडर करायचा ते बघून मी करत होतो.

कोडोलीचा गणपा नावाचा गडी अंतर्गळाच्या शस्त्रक्रियेसाठी आला. तालमीतलं शरीर, मान अशी की हातात मावू नये. असल्या माणसांना गुंगी लवकर चढत नाही. तो हातपाय झाडायला लागला तसा मी हात सैल सोडला, थेंब जास्त पडू दिले. शेवटी शांत झाला. साहेबांनी सुरी घेतली, आणि पुढं काही वेळानं त्याचा श्वास उथळ झालेला मला दिसला. ओठ काळसर पडले होते. साहेब अगदी मोक्याच्या जागी होते, कपाळाला घाम, नजर हाताखाली. मला वाटलं, आता बोलावं... मग वाटलं, एवढा टाका होऊ दे. साहेबांनी स्वतःच मान वर केली तेव्हा श्वास थांबलेला होता. अर्धा तास आम्ही दोघं त्याचे हात वर-खाली करत छाती दाबत राहिलो.

त्याचा थोरला भाऊ बाहेर जोत्यावर बसला होता. साहेब स्वतः सांगायला गेले. तो ओरडला नाही. "डागदरसाब, माझा भाव चालत आलता की हितं," एवढंच म्हणाला. साहेब खाली मान घालून उभे राहिले, आणि त्यांच्या मागं मी.

त्यानंतर साहेबांनी सुरी हातात धरली नाही. महिन्याभरात कळलं की ते मुंबईच्या एका मोठ्या इस्पितळात अर्ज करताहेत. पंचविशीत तिथंच हाउस सर्जन म्हणून राहिलेला माणूस चाळिशीला आल्यावर पुन्हा उमेदवार म्हणून राहायला निघाला होता, आणि तेही शस्त्रक्रियेच्या नव्हे, भूल देण्याच्या कामावर. गावात शंका काढायला काय लागतं? कुणी म्हणे दरबारनं सुरी काढून घेतली, कुणी म्हणे हात कापतात. गणपाचा भाऊ दवाखान्यात उरलेलं सामान न्यायला आला तेव्हा मला म्हणाला, "पावणं, शिकल्याला डागदर परत साळंत कशाला जातोय? पयल्यांदा शिकलाच न्हवता म्हणा की." मी गाठोडं त्याच्या हाती दिलं. साहेबांच्या नावाला तो मृत्यू चिकटत चालला होता, माझ्या नावाला नाही, याचं मला आतून बरं वाटत होतं.

ते बरं वाटणं फार दिवस टिकलं नाही. एका सकाळी टेबल पुसताना अर्जाचा कच्चा खर्डा दिसला. माझं इंग्रजी बाटल्यांवरच्या चिठ्ठ्यांपुरतं, पण स्वतःचं नाव कुणालाही ओळखता येतं. दस्तगीर... त्या पानावर दोनदा होतं. साहेब भूल द्यायला शिकणार, म्हणजे दस्तगीरनं चुकीची दिली, हे ओघानं आलंच. कुणाकडून वाचून घ्यावं तर तोच माणूस गावभर करणार. मी खर्डा होता तसा ठेवला आणि बडतर्फीची वाट बघू लागलो. ती आली नाही. त्यानं माझा संशय आणखीच वाढला.

दोन वर्षांनी साहेब परत आले. शस्त्रक्रियेला आता दुसरे डॉक्टर होते. साहेब रोग्याच्या उशाशी, माझ्या स्टुलावर बसायचे आणि मला शेजारी उभं करायचे. बोट रोग्याच्या कानशिलावर, आणि दर थोड्या वेळानं मला विचारायचे, "दस्तगीर, कसा आहे श्वास? मोठ्यानं सांग." मी सांगेपर्यंत समोरच्या डॉक्टरला पुढं जाऊ देत नसत. माझ्यासारख्या लहान हुद्द्याच्या माणसाच्या तोंडून उत्तर ऐकल्याशिवाय त्यांचा जीव शांत होत नसे. हळूहळू मला पुन्हा स्टुलावर बसवलं. मला मात्र प्रत्येक वेळी तो टोमणाच वाटे. ईदला ते आवर्जून घरी येत, तर मी विचार करी, आता काय काढून घ्यायला आलेत. नऊ वर्षं मी त्यांच्याशी कामापुरतं बोललो. चांगुलपणाचा असा हिशेब मांडणारा माणूस किती दरिद्री असतो, हे आता कळतं.

तीन आठवड्यांपूर्वी साहेबांच्या पत्नीनं, आमच्या वहिनींनी, बोलावणं धाडलं. साहेबांचे कागद त्या लावत होत्या. साहेबांनीच त्यांना इंग्रजी शिकवलेलं. "दस्तगीरभाई, यात तुमचं नाव आहे," म्हणून त्यांनी तोच खर्डा पुढं धरला. त्या सावकाश, मराठी करत वाचू लागल्या: "माझा सहायक दस्तगीर यानं श्वास मंदावल्याचं मला वेळेवर सांगितलं होतं. मी हातातलं काम थांबवलं नाही. दस्तगीरची यात काही चूक नाही. उशाशी बसलेल्या माणसाचं ऐकायचं असतं, हे मला कधी शिकवलं गेलं नाही. ते त्या जागी बसून शिकावं, अशी इच्छा आहे."

वाचून झाल्यावर त्यांनी विचारलं, "असंच झालं होतं ना?"

"होय वहिनी," मी म्हणालो. चहा घेतला आणि घरी आलो.

तेव्हापासून एकच विचार डोकं खातोय. साहेबांनी मला वाचवायला खोटं लिहिलं, की मी बोललो असणारच आणि आपणच ऐकलं नाही, असं त्यांना खरंच वाटत होतं? पहिलं असेल, तर ते माझ्यासाठी गावभर बदनाम झाले. दुसरं असेल, तर न केलेल्या चुकीचं ओझं घेऊन ते चाळिशीत पोरांच्या रांगेत जाऊन बसले. यातलं कुठलं बरं, ते मला ठरवता येत नाही, आणि सांगणारा माणूस राहिला नाही. नऊ वर्षांत कधीही एका वाक्यात विचारता आलं असतं.

दवाखान्यात मी अजून त्याच स्टुलावर बसतो. आता विचारणारं कुणी नाही, तरी श्वास कसा आहे ते मी मोठ्यानं सांगतो. नवे डॉक्टर चमकून बघतात.

वहिनी, या मासिकाचा अंक तुमच्या घरी येतो. कोडोलीत गणपाच्या भावालाही कुणी ना कुणी वाचून दाखवेल. तुमच्यासमोर माझी जीभ वळली नाही, म्हणून इथं लिहितो. त्या दिवशी मी साहेबांना काही सांगितलं नव्हतं. मला दिसलं होतं, आणि मी गप्प बसलो होतो.