बाबांच्या टोपीखालचं डोकं

बाबांना मी टोपीशिवाय फारसं पाहिलेलं नाही. तेल्हाऱ्याजवळच्या आमच्या गावात ते भाजीपाला पिकवत. मळ्यात, बाजारात, बँकेत, लग्नात, सगळीकडे ती पांढरी टोपी त्यांच्या डोक्यावर असे. अंघोळीपुरती आणि झोपेपुरती ती खुंटीवर जाई. गेल्या वर्षी ते गेले, तेव्हा तेरवीसाठी भावाने पासबुकावरचा फोटो अमरावतीच्या एका स्टुडिओत मोठा करायला दिला. स्टुडिओवाल्याने कॉम्प्युटरवर आपल्या मनानेच टोपी उतरवली, काळेभोर केस दिले, कोट-टाय चढवला. आई त्या फ्रेमकडे बराच वेळ पाहत राहिली आणि मग हळूच मला म्हणाली, "कोणाकडचे पावने हायेत हे? बसवा त्याईले, चहा पाजा."

तेरवीच्या त्या घरात आम्ही दोघी तोंडाला पदर लावून हसलो. पाहणाऱ्यांना वाटलं, रडत आहोत. तेही काही खोटं नव्हतं.

नंतर आई माझ्याकडे अकोल्याला राहायला आली. मी इथल्या एका कॉलेजच्या ग्रंथालयात काम करते. एका दुपारी मेथी निवडता निवडता ती म्हणाली, "डोळे मिटले का मले तो कोटवालाच दिसते. तुये बाबा मांगं मांगं चालले." भाजीत मीठ कमी झालं म्हणून सांगावं, तशा आवाजात म्हणाली आणि पुढची काडी खुडली. बाबांचा चेहरा आईला परत मिळवून द्यायचा, एवढंच मनात राहिलं.

माझ्यासारखी बाई अशा वेळी आधी पुस्तक शोधते. ग्रंथालयात चित्रकलेचं एक जुनं पुस्तक होतं, ते घरी आणलं. त्यावरून काढलेला पहिला माणूस पाहून मीच पुस्तक परत केलं आणि एका निवृत्त ड्रॉइंग मास्तरांच्या रविवारच्या वर्गात नाव घातलं. वर्ग ग्रेड परीक्षेला बसणाऱ्या शाळकरी मुलींचा. त्यांच्या बाकावर माझे गुडघे मावत नव्हते.

माझं प्रत्येक डोकं कपाळातच संपायचं. मास्तरांनी एक कागद हातात घेतला, लांब धरला, जवळ धरला. "मॅडम, चेहरा बराबर हाय. पण डोकं घरी ठिवून आले का हे?" मुली हसल्या, मीही हसले. मग त्यांनी नियम सांगितला. डोक्याच्या टाळूपासून हनुवटीपर्यंतच्या उंचीत डोळे बरोबर मध्यावर येतात. माझा विश्वास बसला नाही. घरी आरशासमोर पेन्सिल धरून मोजलं, तर खरंच वर तेवढंच, खाली तेवढंच. आयुष्यभर आजूबाजूला टोप्या घातलेले आणि डोक्याला दुपट्टे बांधलेलेच पुरुष पाहिले, तर डोळ्याला तीच सवय लागलेली. भुवया आल्या की माणूस संपला.

त्यानंतर मी दिसेल त्याला मोजू लागले. बसमध्ये, दवाखान्याच्या रांगेत, ग्रंथालयात. आमच्या शिपायाने एकदा मला एक डोळा मिटून पेन्सिल रोखलेली पाहिलं आणि विचारलं, "मॅडम, माह्यावर नेम कावून धरून राहिल्या?"

दोन महिन्यांनी मी बाबांना टोपीसकट काढलं आणि कागद आईपुढे ठेवला. तिने चष्मा पुसून पाहिलं. "टोपी त्याईचीच हाय," ती म्हणाली. "खाली कोणी नाही."

मास्तरांचंही तेच म्हणणं होतं, की आधी डोकं काढा, टोपी त्यावर आपोआप बसते. पण ते डोकं मी पाहिलं कुठे होतं? पाहिलं होतं ते आईने. दर रविवारी ती त्यांना तेल चोळून द्यायची, आणि शेवटच्या आजारपणात तर रोजच. मी तिला विचारलं, सांगता येईल का? सांगता येईना. मग तिने डोळे मिटले आणि दोन्ही हात हवेत उचलले. तळवे समोरासमोर येऊन एका अंतरावर थांबले, बोटं किंचित हलली. मी तिला तशीच बसायला सांगून शिवणाच्या डब्यातला दोरा आणला आणि ते अंतर मोजलं. हनुवटीपासून भुवयांपर्यंत तिची आठ बोटं, भुवयांपासून केसांपर्यंत साडेचार. तिथून टाळूच्या उंचीपर्यंत आणखी एक. मागे डावीकडे एक खोक, लहानपणी बैलबंडीवरून पडल्याची. मला ती माहीतच नव्हती. समोरून दिसणार नव्हती, तरी विचारून घेतली.

मोठ्या कागदावर, खऱ्या डोक्याएवढंच चित्र आखलं. आईच्या हातांची मापं दोऱ्याने उतरवली आणि मध्य काढला. डोळ्यांची रेघ तिथेच आली. मास्तरांना दाखवलं, तर त्यांनी दोरा दोनदा लावून पाहिला आणि चहा मागवला.

तीन रविवार लागले. चौथ्या रविवारी दुपारी मी कागद टेबलावर भिंतीला टेकवून उभा केला. आई हात पुसत आली. कागदाजवळ वाकली. मी पेन्सिलीला टोक करत राहिले, टोक होतं तरी.

"कान मोठे झाले," ती म्हणाली. "एवढे कान असते तं माहा एखादा शब्द तरी आयकला असता त्याईनं."

मी म्हटलं, भुवईपासून नाकाच्या टोकापर्यंत कान, असा नियम आहे.

"नेमाचे कान दुसऱ्याले लाव."

मी खोडलं. पुन्हा खोडलं. ती खांद्यामागे उभी राहून पाहत होती. थोडे आणखी, असं दोनदा म्हणाली. तिसऱ्यांदा तिने माझा खोडरबराचा हात धरला.

"हायेत," ती म्हणाली. "आता हायेत."

टोपी घालू का, असं मी विचारलं.

"राहू दे. घरातच तं हायेत."

तिने खुर्ची ओढली आणि चित्रासमोर बसली. मी खोडरबराचा चुरा गोळा करत होते, तोवर ती त्यांना सांगायला लागली होती, की आत्याच्या नातीचं जमलं, मुलगा परतवाड्याचा आहे, आणि लग्नाला काय नेसावं ते अजून ठरलेलं नाही.