उत्तरदाती क्रमांक चौदा

मी एकतीस वर्षं भूगोल शिकवला. जागतिकीकरणाचा धडा तर असा शिकवला, की अख्खा वर्ग पेंगायचा. फळ्यावर जगाचा नकाशा काढायचा, इकडून तिकडे बाण मारायचे, आणि 'प्रश्न विचारा' म्हणायचं. कुणी विचारायचं नाही, तेही बरंच होतं. शाळेपासून हाकेच्या अंतरावर काजूची फॅक्टरी आहे. तिथली बी आफ्रिकेतून येते, हे मला निवृत्त झाल्यावर कळलं. काखेत कळसा आणि गावाला वळसा घालणारा मास्तर पाहायचा असेल तर मला पाहा. आणि हे मला कळलं ते हौसाकडून.

हौसा पाष्टे आमच्या खालच्या वाडीतली. नवरा रामा जाऊन बारा वर्षं झाली, एकुलता मुलगा ओमकार दुबईत. ती बावीस वर्षं फॅक्टरीत कटिंगला बसते. एका हातानं बी पात्यात धरायची, पायानं पेडल दाबायचं आणि आतला गर अख्खा काढायचा. सालातलं तेल कातडी जाळतं, म्हणून तिची बोटं कायमची काळी. आपल्याकडची बी पावसाआधी संपते, पुढे बाहेरचीच. एकदा वाटेत गाठून तिनं मला विचारलं, "गुरुजी, बेनिन खय आला?" मला सांगता येईना. घरी जाऊन ॲटलास उघडला, तर आफ्रिकेत सापडला. ही बाई मात्र डोळे मिटून, नुसत्या बोटांनी बेनिनची बी आणि टांझानियाची बी वेगळी काढते.

तीन वर्षांपूर्वी वेदिका नावाची मुलगी आली. मूळची मुंबईची, परदेशातल्या विद्यापीठात डॉक्टरेट करणारी. काजूचा माग काढत जागतिकीकरणाचा आर्थिक भूगोल मांडायचा, असा तिचा विषय. उतरली माझ्याकडे. फॅक्टरीतल्या सव्वीस बायकांशी ती बोलली. बाकीच्यांनी पंधरा-वीस मिनिटांत सुटका करून घेतली, हौसानं मात्र चार संध्याकाळी दिल्या. मी चारही वेळा सोबत चहा पीत बसलेला. मला वाटलं, एकटी राहते, बोलायला माणूस मिळालं म्हणून बोलते. एकटी होतीच ती, पण बोलण्याचं कारण ते नव्हतं.

पहिल्याच संध्याकाळी तिनं विचारलं होतं, "बाय, ह्या पुस्तक कुठं कुठं जाईल?"

"जगभर, मावशी," वेदिका हसत म्हणाली.

त्यानंतर तिला काहीही विचारा, उत्तराच्या शेवटी ओमकार यायचाच. त्याच्यासाठी पोरगी बघायला गेले, तेव्हा त्यानं आईला सांगितलं होतं, हात जरा पदराखाली ठेव. हौसा तिथं गप्प बसली आणि घरी येऊन भडकली. "ह्याच हातांनी तुला वाढवला. लाज वाटत असंल तर परत येव नको." पोरानं आईचा शब्द अक्षरशः पाळला. पुढे दोन गणपतींना फोन आला, मग नंबरच बदलला. वेदिका आली तेव्हा त्याला वर्ष झालं होतं.

"लिव," हौसानं तिला सांगितलं. "हौसा पाष्टे सांगते, रागात बोलली ती. मनात धरू नको. घरी ये."

वेदिकानं ते वहीत उतरवून घेतलं, मी समोर होतो. हौसाचा हिशेब सरळ होता. बी आफ्रिकेतून इथं येते, गर इथून दुबईला जातो, मग पुस्तक का नाही पोचणार? तिला तिथंच सांगायला हवं होतं, की असली पुस्तकं कपाटात जातात. आयुष्यभर पोरांच्या चुका काढल्या, आणि नेमकी तेव्हा माझी जीभ उचलली नाही.

मग तीन वर्षं भेटेल तिथं एकच प्रश्न. "आला काय पुस्तक?"

गेल्या महिन्यात आलं. माझ्या फोनवर, दोनशे ऐंशी पानं, सगळं इंग्रजीत. रत्नागिरीला जाऊन छापून आणलं आणि दोन दिवस वाचलं. हौसाचं नाव कुठंच नाही. गावाचंही नाव बदललेलं. बायकांना पुढे त्रास होऊ नये म्हणून नावं दिलेली नाहीत, असं सुरुवातीलाच लिहिलंय. प्रत्येकीला एक क्रमांक, हौसाचा चौदा; तिच्या बोलण्यावरून मी ओळखला. नियम चांगला आहे, वेदिकाचं काही चुकलं नाही. तरी मला राग आला, आणि कुणावर काढावा ते कळेना.

वाचून दाखवताना नाव मीच घुसडावं, असंही मनात आलं. तिला इंग्रजी थोडंच येतं? पण पडवीत धुतलेलं लुगडं नेसून बसलेल्या हौसाला पाहिलं आणि ते धाडस झालं नाही. तिनं सगळं ऐकलं. बोटीचा रस्ता दाखवणारा नकाशा तर दोनदा पाहिला. मग म्हणाली, "माज्या ओमकारचा काय लिवलान?"

मी पान काढून मराठीत सांगितलं. "परदेशी गेलेल्या मुलांशी संपर्क तुटल्याचं नऊ उत्तरदात्यांनी सांगितलं."

"इतकाच?"

"इतकंच." मग नावांचा नियमही सांगितला. आता ही मला बोलणार, म्हणून मी मान खाली घातली.

पण ती म्हणाली, "नऊ म्हंजे? मी नि अजून आठ जनी?"

"हो."

"आमच्याच फॅक्टरीतल्या?"

"तुमच्याच. कोण कोण ते दिलेलं नाही."

"चंपा माज्या बाजूला बसते," ती म्हणाली. "सतरा वर्सं. तिचा नितेश कुवेतला हाय. दर रविवारी फोन करतो म्हंते." मग ती म्हणाली, "मी पन तिला तेच सांगते."

कागद तिच्याजवळ ठेवून मी निघालो.

आठ दिवसांनी फॅक्टरी सुटताना ती फाट्यावर भेटली. सोबत चंपा होती, दोघी काहीतरी हसत बोलत होत्या. चंपा पुढे गेल्यावर मी हौसाला हळूच विचारलं, "विचारलंस का तिला?"

"नाय," ती म्हणाली. "तिनं खरा सांगितलान, तर मना पन सांगायला लागंल."