स्केटिंगच्या फरशीला टाचे

"साळवेसाहेब, माणूस नुसता उभा राह्यला तरी घसरला पाहिजे, अशी फरशी करून द्या," झुंबरलाल सेठ म्हणाले.

आम्ही नवीन जालन्यात, स्टेशनजवळच्या त्यांच्या कापसाच्या गोदामात उभे होतो. गोदाम रिकामं होतं. खाली शहाबादी फरशी, वर पत्रे. मी सरकारी खात्यात ओव्हरसियर होतो, ती नोकरी सोडून स्वतःची बांधकामं घ्यायला लागलो होतो. तोवर लोकांनी मला फरशी घसरू नये म्हणूनच बोलावलं होतं. उलटी मागणी करणारं हे पहिलंच गिऱ्हाईक.

"सेठजी, तब्येत बरी आहे ना?"

"बिलकुल बरी हाय. इथं मी स्केटिंग काढून राह्यलो. चाकं बांधून लोक पळतात ना पायाला, ते. मुंबईहून चाकं मागवून बसलो मी."

ही गोष्ट सत्तरच्या दशकातली. जालना तेव्हा जिल्हा नव्हता, औरंगाबाद जिल्ह्यातला तालुका होता. कापसाची खरेदी सरकारने स्वतःच्या हातात घेतली होती. शेतकऱ्याने कापूस सरकारलाच द्यायचा, व्यापाऱ्याने मध्ये पडायचं नाही. सेठांचं घर राजस्थानातून येऊन पिढ्यान्पिढ्या इथे कापसाचाच धंदा करणारं. चार भावांचं एकत्र कुटुंब. बाकीच्या तिघांनी बियाण्याचं, किराण्याचं, लोखंडाचं काहीतरी सुरू केलं. धाकटे झुंबरलालजी गोदामासकट रिकामे झाले. वय पन्नाशीच्या पुढे. तरुणपणी कुणाच्या तरी लग्नाला ते मसुरीला गेले होते. तिथे स्केटिंगचा हॉल होता. वडिलांनी कठड्याबाहेरून दाखवला आणि म्हणाले, बघितलंस ना, चल आता. सेठांनी हे मला पहिल्याच भेटीत सांगितलं, आणि इतकं गंभीरपणे सांगितलं की मला हसता आलं नाही.

आता फरशीकडे येतो.

स्केटिंगला शहाबादी चालत नाही. दोन लाद्यांमध्ये सांधा असतो, त्यात चाक अडकतं आणि माणूस तोंडावर आपटतो. म्हणून सगळ्या लाद्या काढल्या आणि काँक्रीट टाकलं. पण सिमेंट वाळताना आकसतं. सलग टाकलं तर त्याच्या मर्जीने कुठेही तडा जातो. म्हणून आम्ही मोठे चौकोन पाडतो आणि मध्ये काचेच्या बारीक पट्ट्या उभ्या बसवतो, म्हणजे तडा जायचाच असेल तर तिथे जावा. या पट्ट्या फरशीच्या बरोबर पातळीत हव्यात. केसभर वर राहिली तरी चाक उडतं. मग वरचा सिमेंटचा थर लोखंडी थापीने घोटायचा. लवकर घोटला तर पाणी वर येतं, उशीर झाला तर थर थापीला दाद देत नाही. माझे गवंडी कंटाळले. "साहेब, आरसा करायलाय का?" असं एकाने विचारलंही. मी म्हटलं, हो.

त्यानंतर क्युरिंग, म्हणजे फरशीवर पाणी उभं करणं. सिमेंट पाणी पिऊन घट्ट होतं. आम्ही मातीचे बांध घालून वाफे केले. सेठ रोज सकाळी येऊन बांधावर उकिडवे बसायचे. "साहेब, झाली का?" मी सांगायचो, नाही सेठजी. मग ते उठून जायचे, पण संध्याकाळी पुन्हा हजर.

पाणी काढलं त्या दिवशी दारातला उजेड फरशीवरून पार मागच्या भिंतीपर्यंत गेला. मी पुढे शाळा बांधल्या, बँकेच्या इमारती बांधल्या. पण तशी फरशी माझ्या हातून पुन्हा झाली नाही. हे मी बढाई म्हणून सांगत नाही, वाईट वाटतं म्हणून सांगतो.

मला वाटलं होतं, पोरं येतील आणि सेठांची हौस महिन्या-दोन महिन्यांत फिटेल. पोरं आलीच. बुटावर चढवायचे, चावीने आवळायचे, पट्ट्याने बांधायचे असे ते स्केट. अर्ध्या तासाचं भाडं. दाराबाहेर रांग. पण माझा अंदाज चुकला तो मोठ्यांच्या बाबतीत. मुलांना सोडायला आलेले बाप आधी भिंतीशी हात बांधून उभे राहायचे. दुसऱ्या दिवशी धोतराचा काष्टा घट्ट करून यायचे. एक शिक्षिका, गायकवाड बाई, शाळेच्या मुलींना घेऊन आल्या. मुली कोपऱ्यात किंचाळत उभ्या, आणि बाई पदर खोचून गोल गोल फिरत होत्या. बँकेचे मॅनेजर रविवारी यायचे. शाखेत कडक असलेला तो माणूस इथे पडला की लहान मुलासारखा खिदळायचा. मला वाटतं, मोठ्या माणसाला पडायची मुभा कुठेच नसते. इथे ती भाड्याने मिळत होती.

सगळ्यात चांगला स्केटर मात्र इस्माईलभाई. हे सेठांच्या हमालांचे मुकादम, म्हणजे म्होरके. कापूस गेला तशी हमालीही गेली. सेठांनी त्यांना इथे ठेवून घेतलं. पट्टे बांधायचे, चाकांच्या बेअरिंगला तेल द्यायचं, पडणाऱ्या पोरांना झेलायचं. झेलायला जाता जाता ते शिकले. धिप्पाड माणूस, मिशा मोठ्या. हात पाठीमागे बांधून एका पायावर वळायचे, तेव्हा पोरं स्वतःचं स्केटिंग थांबवून बघत बसायची.

आणि सेठ? ते सकाळी, दार उघडायच्या आधी. लेंगा घालून, इस्माईलभाईंच्या खांद्यावर हात ठेवून. एकदा मी एक काचेची पट्टी तपासायला लवकर गेलो तेव्हा दिसले. मला पाहून थांबायला गेले आणि बसले खाली.

"कुणाला बोलू नका साहेब. घरी भाईजी हसतील."

भाईजी म्हणजे त्यांचे थोरले बंधू. घरातला शेवटचा शब्द त्यांचा. पुढे सेठ हात सोडून फिरायला लागले. फार जोरात नाही. पण चेहरा असा की बघणाऱ्याला उगाच बरं वाटावं.

दिवाळीच्या आसपास मला निरोप आला. गेलो तर गोदामात गर्दी. इस्माईलभाईंना नुकतंच टांग्यातून दवाखान्यात नेलं होतं.

झालं होतं असं. सरकारच्या खरेदीला सरकी ठेवायला जागा कमी पडत होती. सरकी म्हणजे कापसातलं बी. भाईजींनी हे गोदाम भाड्याने देऊन टाकलं. स्केटिंगच्या उत्पन्नात चाकं आणि पट्टेच भागत होते. चार भावांच्या घरात हौसेला किती जागा द्यायची हे भाईजी ठरवत. सेठांनी मान डोलावली. त्यांनी मनाशी धरलं होतं की सरकी उन्हाळ्यापर्यंत जाईल, खाली फरशी आहे तशी राहील, आणि आपण पुन्हा चाकं बांधू.

हमालांची इथे एक पद्धत होती. हंगामाचं पहिलं पोतं मुकादमाने स्वतःच्या पाठीवर आत न्यायचं. दारात नारळ फोडायचा आणि मुकादमाने पुढे व्हायचं. एरवी मुकादम फक्त हुकूम सोडतो, पण पहिलं पोतं त्याच्या मानाचं. इस्माईलभाईंनी चाकं काढली, कपाळाला फडकं बांधलं आणि अनवाणी पायांनी, हमालांच्या त्या दुडक्या चालीत आत गेले. तपासणीवाल्याने नमुन्यासाठी एका पोत्याला परखी लावली होती, ती टोकदार पोकळ नळी. तेव्हा थोडी सरकी दारातल्या फरशीवर सांडली होती. साध्या खरबरीत फरशीवर सरकी जागेवर चिरडते. माझ्या फरशीवर ती पायाखालून निसटली. इस्माईलभाई पोत्यासकट पडले. मांडीचं हाड मोडलं.

हमाल दाराबाहेर बसून राहिले. आत जाईनात. त्यांचं बरोबरच होतं.

"साळवे," भाईजी मला म्हणाले, "ह्या फरशीचं कायतरी करा. गाड्या उभ्या हायेत."

मी फरशी वाचवायच्या मागे लागलो. पहिल्यांदा गोणपाट अंथरलं. गुळगुळीत सिमेंटवर गोणपाट माणसासकट सरकतं. मग वाळू टाकली. वाळू सरकीत मिसळते म्हणून तपासणीवाल्याने हात वर केले. लाकडी फळ्या टाकाव्यात असं मी सुचवलं. भाईजींनी खर्च विचारला आणि पुढचं ऐकलंच नाही. शेवटी फक्त दारापासून पोत्यांच्या थप्पीपर्यंत वाट खरबरीत करू, बाकीची फरशी सोडू, असं म्हणालो. त्यावर हमालांमधला एक जण म्हणाला, "थप्पी काय एकाच जागी राहती का, साहेब? आज इथं, परवा तिथं."

उरला एकच उपाय. टाचे मारणे. म्हणजे छिन्नी-हातोड्याने गुळगुळीत सिमेंटवर दाटीने खळगे पाडणे. गिलाव्याला पकड मिळावी म्हणून आम्ही भिंतीला टाचे मारतो. जात्याला टाकी लावतात तसंच हे. एकदा टाचे मारले की ती फरशी परत घोटता येत नाही.

मी दवाखान्यात गेलो. खरं सांगायचं तर इस्माईलभाईंकडून मला 'नको' ऐकायचं होतं. ते एवढे त्या फरशीवर रमलेले. ते म्हणाले असते, तर सेठांना भाईजींसमोर उभं राहायला बळ आलं असतं.

"फोडा साहेब," ते म्हणाले.

"तुम्ही म्हणता हे?"

"मंग कोण म्हणणार? माझी माणसं हायेत ती. उद्या एखाद्याची मान मोडली, तर त्याच्या घरी मीच जाणार सांगायला." मग मोडक्या पायाकडे बघत म्हणाले, "चाकावर मी कधी पडलो न्हाई. वाईट तर लै वाटतं. पण चाकं बांधून पोतं थोडंच उचलता येतं?"

सेठांना मी हे जसंच्या तसं सांगितलं. ते म्हणाले, "दुसऱ्या कुणाला लावू नका. तुम्हीच करा."

माझे तेच गवंडी. ज्याने आरशाचं विचारलं होतं, त्याच्याच हातात छिन्नी दिली. तो म्हणाला, "साहेब, मी न्हाई सुरू करणार." पहिला घाव मी मारला. सिमेंटचा वरचा थर इतका कडक झाला होता की ठिणगी उडाली. मला त्याचा अभिमान वाटला, आणि त्याच क्षणी रडूही आलं.

काम दारापासून सुरू केलं. एका दमात होणारं नव्हतं. शाळा सुटली की मुलं यायची आणि उरलेल्या गुळगुळीत भागात फिरायची. छिन्न्यांचा ठणठणाट एका बाजूला, चाकांचा घरघराट दुसऱ्या बाजूला. मी त्यांना अडवलं नाही. गायकवाड बाई येऊन गेल्या. मॅनेजर येऊन गेले. आम्ही पुढे सरकायचो, ते मागे सरकायचे. रोज थोडं कमी. मग जागा इतकी उरली की पोरं एकमेकांवर आदळायला लागली, आणि यायची बंद झाली.

शेवटी मागच्या भिंतीशी एक तुकडा राहिला, एखाद्या खोलीएवढा. त्या दिवशी सेठ आले. दुपार होती, दार सताड उघडं, बाहेर रस्त्यावरून बघणारे लोक. त्यांनी लपवाछपवी केली नाही. लेंग्यावर पट्टे बांधले आणि फिरायला लागले. एवढ्याशा जागेत सरळ जाताच येत नाही, नुसतं वळायचं. इस्माईलभाईंना त्यांच्या माणसांनी बाजेवर आणलं होतं, प्लास्टरमधला पाय पुढे. ते बाजेवरून सांगत होते, "सेठ, उजवीकडून. डावीकडं खरबरीत झालंय." सेठ उजवीकडून वळत होते. भाईजीही आले होते. ते हसले नाहीत. दारात उभे राहून बघत होते.

माझे गवंडी छिन्न्या खाली ठेवून बसले होते. सेठांना कुणी थांबा म्हणालं नाही. आमच्यात ती हिंमत नव्हती. बऱ्याच वेळाने ते आपणहून भिंतीला टेकले, खाली बसले आणि पट्टे सोडले.

"घ्या आता," म्हणाले.

सरकीची पोती आत गेली. त्या हंगामात कुणी पडलं नाही. काम बरोबर झालं होतं, हे मला मान्य करावंच लागतं. उन्हाळ्यात सरकी हलली, पण लगेच दुसरा माल आला. पुढे सेठ भेटले की म्हणायचे, साहेब, पुढच्या उन्हाळ्यात वर नवा थर टाकू. मी म्हणायचो, टाकू की. टाच्यावर नवा थर चांगला धरतो, त्या दृष्टीने अडचण काहीच नव्हती. पण तो उन्हाळा काही आला नाही. इस्माईलभाईंचा पाय जुळला, थोडा आखूड. हमाली सुटली. चाकं तर सुटलीच होती.

तशी फरशी माझ्याकडे कुणी पुन्हा मागितली नाही. आणि मागणारा तसा माणूसही भेटला नाही, याचं मला फरशीपेक्षा जास्त वाईट वाटतं.

धंद्यापुरतं मी एक शिकलो. फरशीचं काम घेताना मालक काय सांगतो ते मी ऐकून घेतो. मग विचारतो, हे सगळं संपल्यावर इथून कोण चालणार आहे, आणि त्याच्या पायात काय असेल? बरेच मालक म्हणतात, त्याच्याशी तुम्हाला काय करायचंय. अशा मालकाचं काम मी घेत नाही.