लाइनमनचा जोड

हेडलाइटचा रिले बदलून झाला होता, स्विचही बदलून झाला होता. तरी प्रशांत वानखडेची गाडी महिन्यात तिसऱ्यांदा माझ्या दुकानासमोर उभी होती. या वेळी तो दार आपटूनच उतरला.

"भाऊ, आता मले खरं सांगा. तुमच्यानं होते का नाई?"

कारंज्यात मूर्तिजापूर रस्त्यावर माझं ऑटो इलेक्ट्रिकचं दुकान आहे. सव्वीस वर्षं हेच काम करतो, त्यामुळे असा प्रश्न ऐकला की डोकं तापतं. पण रागवायला मला तोंड नव्हतं. ते लाइट मीच बसवले होते.

प्रशांत इंझोरीचा. जुनी गाडी घेऊन प्रवासी नेतो. दर सोमवारी आणि गुरुवारी तो वनिता मॅडमना डायलिसिससाठी अकोल्याला नेतो. मॅडम गावच्या शाळेतल्या निवृत्त शिक्षिका. प्रशांतला पाढे त्यांनीच शिकवले. सकाळी सातला दवाखान्यात पोचायचं म्हणजे साडेचारला निघावं लागतं. एवढ्या अंधारात जुन्या गाडीचा उजेड पुरत नव्हता, म्हणून मी तिला जास्त ताकदीचे हेडलाइट लावून दिले. सोबत डीआरएल. डीआरएल म्हणजे गाडी सुरू झाली की दिवसाही आपोआप लागणारी एलईडीची बारीक पट्टी. तिच्या उजेडात आपल्याला रस्ता दिसत नाही, समोरच्याला आपण दिसतो.

तक्रार अशी, की निघाल्यावर वीस-पंचवीस मिनिटांनी हेडलाइट पिवळा पडत जायचा. इंडिकेटर दिला की हेडलाइट आणि डीआरएल दोन्ही त्याच्या तालावर फडफडायचे. माझ्याकडे मात्र काहीच नाही. प्रशांत यायचा दिवसा, हेडलाइट बंद ठेवून. मी दोन मिनिटं लावून बघायचो. लख्ख उजेड!

"परवा मूर्तिजापूरच्या अलीकडं कपाशीची ट्रॉली उभी होती रस्त्यात," प्रशांत म्हणाला. "लाइट गेलता. हातभरावर ब्रेक लागला. घरी आल्यावर मॅडम म्हणे, प्रशांत, मी अकोल्यातच खोली करून राहते. या वयात घरदार सोडून एकटीनं राहायचं, भाऊ. माह्या गाडीपायी."

"कवा जाणार हायेत?"

"सोमवारी पाहू म्हणे. सोमवारी लाइट गेला तं मंग नाई परत येत."

तो दिवस शनिवार होता.

गाडीत पुढच्या सीटवर प्रशांतचे वडील बसले होते. दशरथकाका. वीज खात्यात लाइनमन होते, आता निवृत्त. चष्म्याचा नंबर काढायला आले होते. "जय भीम, मिस्त्री," एवढं म्हणून ते पुन्हा रस्त्याकडे बघत बसले.

या वेळी मी घाई करायची नाही असं ठरवलं. बॉनेट उघडलं, इंजिन चालू ठेवलं, हेडलाइट लावले आणि चहा सांगितला. पहिला चहा झाला, काही नाही. दुसरा सांगितला. वीस मिनिटं होत आली आणि समोरच्या भिंतीवरचा उजेड सायीसारखा पिवळसर झाला. इंडिकेटर दिला. लागली फडफड!

आजार डोळ्यांसमोर आला, म्हणजे अर्धं काम झालं. आता थोडं समजावून सांगतो. घरात दिव्याला दोन तारा लागतात, एक वीज आणणारी आणि एक परत नेणारी. गाडीत आणणारी तार असते, परतीचं काम गाडीचं लोखंडी अंगच करतं. दिव्याची काळी तार बॉडीला बोल्टने कसायची, तिथून वीज बॅटरीकडे परत जाते. याला आम्ही अर्थ म्हणतो. मी मीटरचं एक टोक बॅटरीच्या मायनसला लावलं, दुसरं दिव्याच्या काळ्या तारेला. तिथे जवळजवळ शून्य दिसायला हवं. तीन व्होल्टच्या वर दिसले. वीज जात बरोबर होती, परतताना अडत होती.

म्हणजे दोष अर्थमध्ये. तो बोल्ट मी स्वतः रंग खरवडून कसला होता. म्हणूनच मागच्या दोन्ही खेपांना रिले पाहिला, स्विच पाहिला, पण तो बोल्ट पाहिला नाही. माझ्या हातचा बोल्ट खराब कसा असेल? याला अक्कल गहाण ठेवणं म्हणतात.

डावा हेडलाइट उतरवून आत हात घातला. बोल्ट जागेवर होता, घट्टही होता. त्याच्याखाली तारच नव्हती.

दोन्ही हेडलाइट आणि डीआरएल यांची मिळून असलेली माझी काळी तार कोणीतरी कापून शेजारच्या इंडिकेटरच्या काळ्या तारेला जोडली होती. ती तार सुतळीएवढी बारीक. एका इंडिकेटरपुरती. तिच्यातून दोन दांडगे हेडलाइट परतत होते. तार तापायची, तिच्या कनेक्टरचं प्लास्टिक वितळलं होतं. अजून आठवडाभर चालली असती तर आग लागली असती.

पण जोड बघून मी थांबलो. सारखे वेढे, वर टेपचा घट्ट, एकसारखा पट्टा. गॅरेजवाला असा जोड देत नाही, त्याला तेवढा धीर नसतो.

"गाडीले कोणं हात लावला?" मी विचारलं.

"कोणंच नाई," प्रशांत म्हणाला.

दार उघडलं. काका खाली उतरले.

"म्या लावला," ते म्हणाले. "गाडी धूत होतो. काळी तार उघड्या बॉडीले कसली दिसली. मले वाटलं, चुकून लागली."

प्रशांत भडकला. "बाबा! तीन खेपा झाल्या! मॅडम घर सोडून चालल्या अन् तुमी बोलले नाई?"

"मले का मालूम, त्याच्यानंच होऊन राह्यलं म्हणून?" काका म्हणाले. "आमच्याकडं काळी तार बॉडीले कवाच लावत नाई. काळी परतीची, अंगाले हिरवी अर्थची लावतात. पाण्याच्या मोटारीच्या डब्याले काळी लागलेली म्या एक डाव पायली हाये. एका बाईनं ओल्या हातानं डबा धरला होता. सोडवाले मीच गेलतो."

मला हसू येत होतं, ते गेलं. हा माणूस पोराला वाचवायला निघाला होता. ज्या नियमाने त्याने आयुष्यभर माणसं जपली, तोच नियम त्याने गाडीला लावला होता. आणि काळी तार बॉडीला का लावली, हे मी त्या घरात एका शब्दाने कुणाला सांगितलं नव्हतं.

"काका, चूक माही हाये," मी म्हणालो. "घरात ते बराबरच हाये. पण गाडीत फक्त बारा व्होल्ट. हात लावा या बॉडीले."

त्यांनी आधी हाताची मागची बाजू टेकवली, लाइनमन टेकवतात तशी. मग पूर्ण हात ठेवला.

"काहीच नाई," ते म्हणाले.

"आता पॉलिश पेपर घ्या. बोल्टाची जागा तुमीच घासा."

त्यांनी अशी घासली की लोखंड आरशासारखं झालं. इंडिकेटरच्या तारेचा जळका तुकडा काढून मी नवा कनेक्टर घातला. हेडलाइटला नवी जाड तार टाकली, तिच्या टोकाला रिंग दाबली. बोल्ट काकांनी कसला. परत चाळीस मिनिटं हेडलाइट चालू ठेवले. मीटर काकांच्याच हातात होतं. चष्म्याचा नंबर अजून काढायचा होता, म्हणून ते मीटर डोळ्यांजवळ नेऊन वाचत होते.

"शून्य पॉइंट एक," ते म्हणाले. पाच मिनिटांनी पुन्हा, "शून्य पॉइंट एक." भिंतीवरचा उजेड हलला नाही. इंडिकेटर एकटाच लुकलुकत होता.

निघताना काकांनी माझ्या टेबलावरची हिरवी टेप उचलली आणि काळ्या तारेच्या टोकाला तीन वेढे दिले.

"आता कोणी लाइनमन हात लावणार नाई," ते म्हणाले. प्रशांत पहिल्यांदा हसला. त्याने बापासाठी पुढचं दार उघडून धरलं.

सोमवारी माझं कामात लक्ष नव्हतं. दुपारी दीडच्या सुमारास मूर्तिजापूरकडून एक गाडी येताना दिसली. भर उन्हात डीआरएलच्या दोन पांढऱ्या पट्ट्या, स्थिर. गाडी दुकानासमोर हळू झाली. मागची काच खाली आली.

"मिस्त्री," वनिता मॅडम म्हणाल्या, "खोली पाहायला वेळच नाही मिळाला. गाडीत पूर्ण रस्ता झोप लागली हो."

आणि गाडी इंझोरीकडे गेली.

तेव्हापासून मी दोन गोष्टी पाळतो. बिघाड आला की आधी माझं स्वतःचं काम उघडून बघतो. आणि अर्थच्या काळ्या तारेला हिरव्या टेपचे तीन वेढे देतो. दुसरे मिस्त्री विचारतात, हे कायले? मी म्हणतो, एका सीनियर माणसानं शिकवलं.