मिरजगावहून आणलेला डबा

रेहेकुरीला काळवीट बघायला जायचं हे नवऱ्याच्या डोक्यातून निघालं. ऐन उन्हाळ्याच्या तोंडावर! मी कुरकुरले, पण घरी बसून तरी काय दिवे लावणार होते? पहाटे पुणं सोडलं आणि भिगवण, राशीन करत कर्जत गाठलं. जाणार असाल तर सकाळीच पोचा, पाणी भरपूर घ्या आणि दुर्बीण विसरू नका. आम्ही विसरलो, आणि त्यावरून नवरा दिवसभर माझ्यावरच डाफरत होता. काळविटं मात्र पोटभर दिसली.

मुक्काम नगरला. (नाव अहिल्यानगर झालंय, तोंडात अजून नगरच येतं.) वाटेत संध्याकाळी मिरजगावला रस्त्याकडेच्या गाड्यावर भजी घ्यायला थांबलो. रमजान चालू होता, भजी तळणाऱ्या रशीदाभाभींचा स्वतःचा रोजा होता. शेजारी खुर्चीवर त्यांची सात वर्षांची आलिया, हिरवा झगा आणि गळ्यात फुलांचा हार घालून बसलेली. तिचा आयुष्यातला पहिला रोजा होता. ओठ सुकलेले, पण ऐट केवढी!

"अब्बाच्या हातानं खजूर खानार हाय मी," तिनं न विचारताच सांगितलं.

अब्बा म्हणजे सलीमभाई, टेम्पोवाले. टेम्पो स्वतःचा, पण भाडी आता मोबाईलवरच्या ॲपवरून येतात. भाभींच्या फोनवर त्यांचं लोकेशन सरकत होतं आणि आलिया त्यावरून नजर काढत नव्हती.

"आधी टेम्पो कुठं हाय ते कुनाला ठावं नसायचं," भाभी म्हणाल्या, "पन रोजा सोडायला मानूस घरी असायचा. आता समद्यांना दिसतंय टेम्पो कुठं हाय ते. मानूसच न्हाई घरी."

टेम्पो आला. सलीमभाई इंजिन चालू ठेवूनच उतरले. बांग व्हायला अजून थोडा वेळ होता, आणि नगरच्या गोदामात माल वेळेत पोचवायचा होता. उशीर झाला की ॲप पुढची भाडी देत नाही म्हणे. त्यांनी खजूर लेकीच्या तोंडाशी धरला.

"खा बेटा. ल्हान हायस तू, चालतंय."

"बांग झाली न्हाई, अब्बा. थांबा ना जरा."

त्यांनी मोबाईल बघितला, मग तिच्याकडे बघितलं. खजूर तिच्या मुठीत ठेवून ते टेम्पोत चढले. मला तो मोबाईल हिसकावून फेकून द्यावासा वाटला.

बांग झाली. आलियानं अर्धाच खजूर खाल्ला. तेव्हा भाभींच्या ध्यानात आलं, गडबडीत सलीमभाईंचा डबाच द्यायचा राहिला. "आम्ही नगरलाच निघालोय, देतो," मी म्हणाले. आलियानं उरलेला अर्धा खजूर डब्यात ठेवला. "अब्बाला म्हनावं, ह्यो पयला खा."

भाभींनी फोन करून सांगितल्यावर सलीमभाईंनी आम्हालाही लोकेशन पाठवलं. नवऱ्यानं गाडी अशी हाणली की मी जीव मुठीत धरून बसले. गोदामाच्या फाटकाशी पोचलो तर टेम्पो आत. वॉचमन आम्हाला आत सोडेना, डबाही घेईना. फोन केला तर सलीमभाई म्हणाले, "ताई, मागच्या गेटनं भायेर पडलो. लगेच दुसरं भाडं लागलं, संभाजीनगरचं. रोजा सोडला पान्यावर. डबा राहू द्या." लोकेशन आमच्यापासून लांब लांब सरकत राहिलं.

दुसऱ्या दिवशी नेवाश्याला गेलो. प्रवरेचा काठ शांत आहे, दर्शनाला गर्दी नव्हती, जरूर जा. माझं मात्र कशात लक्ष लागलं नाही. येताना वाकडी वाट करून मिरजगावला जाऊ म्हटलं, पण नवऱ्याची रजा संपली होती.

पुण्याला येऊन डबा उघडला. भजी टाकून द्यावी लागली. अर्ध्या खजुराला हात लावायचा धीर होईना. शेवटी भाभींना फोन केला, डबा कसा पाठवू म्हणून.

"पाठवू नका," त्या हळू आवाजात म्हणाल्या. "कदी आलात तर आना. ह्ये अजून घरी आले न्हाईत. पन अब्बानं खजूर खाल्ला, असं सांगितलंय मी आलियाला. तिनं इचारलं, तर तुमीबी तसंच सांगा."