आमच्या श्रीकांतची कुकरी

किस्से साचतात ते पार्टीत यजमानांच्या बेडवर कोट साचतात तसे. आपला काढायला जावं, तर हाती दुसऱ्याचाच येतो! लंडनजवळ वॉटफर्डच्या आमच्या शनिवारच्या बैठकीत मी आयुष्यभराची बातमीदारी घेऊन बसतो आणि सगळ्यांना ऐकायची असते श्रीकांतची कुकरी.

श्रीकांत हाडांचा सर्जन. एका निवृत्त गुरखा सैनिकाचा खुबा त्याने बदलला. त्या गृहस्थांनी नेपाळहून कुकरी, म्हणजे गुरख्यांचा तो वाकडा सुरा, आणून भेट दिली. तोवर आमच्या बैठकीत बोलायचो मी! त्या शनिवारीही, कौन्सिलमधल्या एका बड्या माणसाने मला फोनवर धमकी दिली, इथवर आलो होतो. तेवढ्यात श्रीकांतने कुकरी कॉफी टेबलवर ठेवली.

धमकीचं पुढे काय झालं, हे आजतागायत कुणी विचारलेलं नाही.

*

कुकरीच्या पात्याला मुठीजवळ एक छोटी खाच असते. ती कशासाठी, हे प्रत्येक जण विचारतो. जोशीकाकूंना श्रीकांतने सांगितलं, "तो गाईचा खूर, काकू. पवित्र चिन्ह." केंब्रिजहून आलेल्या भाच्याला सांगितलं, "रक्त ओघळून मुठीवर येऊ नये म्हणून." माझ्या बायकोला सांगितलं, "शत्रूचं पातं अडकवायला, वहिनी!"

"सोर्स काय?" मी विचारलं.

"अरे, तिन्ही सांगतात लोक."

"म्हणजे एकही कन्फर्म नाही!"

"तू ना, कुणाला धड ऐकू देत नाहीस," जोशीकाकू मलाच म्हणाल्या.

मी असं छापलं असतं तर संपादकाने हाकलून दिलं असतं. याला दुसरा चहा मिळाला!

*

शेवटी मीही ऑनलाइन कुकरी मागवली. दारात डिलिव्हरीवाल्याने वयाचा पुरावा मागितला, अठराच्या खालच्यांना इथे सुरी देत नाहीत. माझं टक्कल त्याच्यासमोर चकाकत होतं! कोणत्या कायद्याखाली, मी विचारलं. त्याने सांगितलं. मी कलम विचारलं. मग त्याच्या वरिष्ठांचं नाव विचारलं. तो पार्सल घेऊन चालता झाला.

"अहो," आतून बायको म्हणाली, "ड्रायव्हिंग लायसन्स दाखवायचं होतं, अग्रलेख नाही!"

*

दुसऱ्या खेपेला ती आली. मी मोठ्या ऐटीत श्रीकांतकडे नेली. त्याच्या कुकरीचं वजन पुढे, वाकाच्या पलीकडे, जिथे पातं रुंद होतं. हात नुसता सैल सोडला तरी घाव बसेल अशी. माझी मधोमध बोटावर तोलून राहिली, फूटपट्टीसारखी! म्यानाच्या मागे त्याच्याकडे दोन छोट्या सुऱ्या, एक बारीक कामाला, दुसरी बोथट, पातं घासायला. माझ्याकडेही दोन होत्या. दोन्ही बोथट. पातंसुद्धा.

"छान आहे हो, भावजी," श्रीकांतची बायको मेधा म्हणाली. "केक कापायला होईल."

*

मग मी हट्टाला पेटून कुकरीबद्दल मिळेल ते सगळं वाचून काढलं.

दसऱ्याला श्रीकांतकडे पाटावर ज्याची त्याची हत्यारं मांडतात. जोशीकाकूंची शिवणाची कात्री, माझा रेकॉर्डर, आणि मधोमध अर्थातच ती. पूजेआधी श्रीकांत तिला म्यानातून काढायला उभा राहिला. सगळ्यांचे मोबाइल वर. त्याने म्यान गच्च आवळून धरलं होतं, बोटं धारेच्या बाजूने. कुकरीचं म्यान म्हणजे लाकडाच्या दोन फळ्या आणि वर चामडं. पातं ओढताना जोडातून धार बाहेर येऊ शकते. त्या खोलीत हे मला एकट्याला ठाऊक होतं.

"बोटं काढ!" मी ओरडलो. "श्रीकांत, धारेवरची बोटं काढ!"

त्याने दचकून बोटं उचलली आणि पातं चामडं चिरत बाहेर आलं. श्रीकांत कितीतरी वेळ आपल्या हाताकडे बघत राहिला. ऑपरेशन करणारा हात.

पुढच्या शनिवारी मी जरा उशिरा पोचलो. खोली भरलेली. श्रीकांत ते चिरलेलं म्यान उंच धरून सांगत होता, "...आणि नेमकं त्याच क्षणी माझ्या डोक्यात आलं, अरे, बोटं धारेच्या बाजूला आहेत!"

"बाप रे!" जोशीकाकू म्हणाल्या.

मेधाने दारात उभ्या माझ्याकडे पाहिलं. मग माझी प्लेट भरताना तिच्यात दोन बटाटेवडे जास्तीचे ठेवले.