धर्मशाळेची पडवी

काल जवसाच्या तेलाचा वास आला आणि ती पडवी आठवली. आर्किटेक्ट म्हणून माझं पहिलंच काम होतं, नाशिकजवळच्या खेड्यातल्या जुन्या धर्मशाळेचं एका डॉक्टरांसाठी घर करायचं. सागवानी खांबांना मी स्वतः तेल चोळत होते. तेवढ्यात पेठ तालुक्यातून द्राक्षबागेत कामाला निघालेली एक बाई तापानं फणफणलेलं लेकरू घेऊन पडवीत टेकली.

"उठवा तिला," डॉक्टर मला म्हणाले, "आता हे घर आहे."

"ताई, आमी दरसाल हितंच बसतो," ती म्हणाली.

मी तिला उठवलं. ती उन्हात चालू लागली.

पुढे त्या घरासाठी मला बक्षीस मिळालं, जुनी वास्तू वाचवली म्हणून. डॉक्टरांचा राग येतोच. पण ते बक्षीस मी हसत घेतलं, याची चीड अजून जात नाही.